अण्णांची खिडकी

बोरिवली (पश्चिम)
९ जानेवारी २०२५

प्रिय शकु,

उभी असशील तर आधी बस. माझ्या पुस्तकावर सिनेमा निघतोय!

हो, ‘खाकी खिडक्या’वरच. एकाहत्तरच्या युद्धातल्या आपल्या घाटकोपरच्या चाळीवर, चौदा वर्षांच्या दोन आगाऊ पोरींवर. दिग्दर्शिका रुचिरा नावाची तिशीची मुलगी आहे. घरी येऊन दोनदा पोहे खाऊन गेली. पहिल्याच दिवशी मला विचारते, “आजी, ब्लॅकआउट म्हणजे लाइट गेली होती का?” मी म्हटलं, गेली नव्हती गं बाई, आम्हीच खिडक्यांना खाकी कागद चिकटवून उजेड कोंडून बसत होतो, वरून विमानांना मुंबई दिसू नये म्हणून. तिने ते मोबाइलवर लिहून घेतलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला, पण आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय ही मजा आत्ता कळली.

तिला सगळ्यात जास्त काय आवडलं ठाऊक आहे? तुमच्या खिडकीचं प्रकरण. चौथ्या रात्री तुमच्या खिडकीत उजेड दिसला, “हेर आहे, विमानाला खुणा करतोय” म्हणत लोक तुझ्या अण्णांवर धावून गेले, मारलं, चौकीवर नेलं, आणि माझे वडील, आपले भाऊ, चाळीचे वॉर्डन म्हणून मध्ये पडले आणि त्यांना सोडवून घेऊन आले. सिनेमाचा सगळा जीव त्यातच आहे म्हणाली.

अण्णांची हरकत नाही ना? विचारून लगेच कळव. सही तर करून बसलेय.

तुझी,
नलू

*

मुलुंड (पूर्व)
२० जानेवारी २०२५

प्रिय नलू,

हरकत कसली! अण्णांनी एकाच दिवसात विहारातल्या सगळ्यांना सांगून टाकलं. “पिक्चरमध्ये आमची खिडकी आहे,” म्हणतात. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस, पण परवा सम्यककडून दाढी करून घेताना म्हणाले, “मिशी नीट ठेव, माझं काम करणारा पोरगा बघायला आला तर?” आजोबांचं ऐकून माझा मुलगा हसून हसून खाली बसला.

त्यांना वाचता येत नाही आता. तुझं पुस्तक निघालं तेव्हा मीच रोज थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. खिडकीचं प्रकरण त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तेव्हापासून “नलूने न्याय केला” हे त्यांचं पालुपद आहे.

म्हणून सांगते, पटकथा आली की ते पान आधी बघ. बाकी सिनेमात नाचगाणी घाला नाहीतर मला जाडी दाखवा, मला काही नाही. पण अण्णांना त्यात काही भलतंसलतं झालं तर ते मला सहन व्हायचं नाही आणि त्यांना झेपायचं नाही.

फोन करू नकोस. कानाला मशीन लावूनही मला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर आलेलं सगळं सम्यक अण्णांना मोठ्याने वाचून दाखवतो. चाळ सोडल्यापासून आपली पत्रं चालू आहेत, तीच बरी.

सप्रेम जय भीम.
शकु

*

बोरिवली
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शकु,

उशीर झाला, रागावू नकोस. गुडघ्याचं काय सांगू! डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, आणि आमची लिफ्ट म्हणते मी आज येत नाही. समोरची इमारत पाडायला घेतलीय, घरभर धूळ. दिवसातून तीनदा पुसते, तरी डब्यांवर बोटाने नाव लिहिता येतं.

सिनेमाचं काम जोरात आहे. पटकथा लिहायला ही मंडळी मनोरीला बंगला घेऊन राहिली होती. समुद्राकडे बघत चाळीतली गोष्ट लिहिली, म्हणजे बघ! मालाडला स्टुडिओत चाळीचा सेट लागतोय. आपल्या नळाची रांगसुद्धा दाखवणार आहेत. तुझं काम करणारी मुलगी गोड आहे, नकटी आहे, तुझ्यासारखीच.

अण्णांना नमस्कार. मेथीचे लाडू केलेत, कुणाबरोबर तरी पाठवीन.

तुझी,
नलू

*

मुलुंड
१८ फेब्रुवारी २०२५

नले,

अख्ख्या पत्रात गुडघा आहे, लिफ्ट आहे, धूळ आहे. खिडकी कुठे आहे?

मी तुला साठ वर्षं ओळखते. लहानपणी तू काही फोडलंस की असंच भलत्याच गोष्टींवर बडबडायचीस. काय लपवतेस?

शकु

*

बोरिवली
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय शकु,

वाट लागलीय गं.

पटकथा जानेवारीतच आली होती. त्यात तो माणूस खराखुरा हेर आहे. नाव बदलून खंडू केलंय, पण खोली तीच, खिडकी तीच, रेल्वेच्या वर्कशॉपमधली नोकरीही तीच. तो खिडकीतून टॉर्चने खुणा करतो, चौदा वर्षांची नलिनी त्याला पकडून देते आणि चाळ तिला खांद्यावर घेते. मी कधी कुणाला पकडून दिलं? मी तर त्या रात्री आईच्या पदराखाली लपले होते.

रुचिराला फोनवर खूप बोलले. ती म्हणाली, “आजी, युद्धाची फिल्म आहे, समोर कुणीतरी दुश्मन नको का? आणि नाव तर बदललंय ना!” करारात मी बदलांना मान्यता देऊन बसलेय. ते कलम मी वाचलंच नव्हतं. पुस्तकावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर माझी अक्कल चरायला गेली होती.

तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. वाटलं, आधी सुधारून घेईन, मग सांगेन. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार अण्णांचा येतो. पण मी सोडणार नाही. दिवस लागतील, एवढंच. त्यांना इतक्यात काही बोलू नकोस.

नलू

*

मुलुंड
१ मार्च २०२५

नले,

पत्र वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, अण्णांना कळू नये म्हणून.

नाव बदललं म्हणे! विहारातल्या प्रत्येकाला अण्णांनी खोलीचा नंबरसुद्धा सांगितलाय. सगळी मिळून बस करून सिनेमाला जायचा बेत आहे. तिथे अंधारात बसून पडद्यावर स्वतःला गद्दार झालेलं बघायचं? एकदा चाळीने म्हटलं ते पुरलं नाही का? त्या रात्री त्यांच्या गळ्याचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. अजून शर्टाचं वरचं बटण लावताना हात वर जात नाही, मी लावून देते.

मी त्यांना काही बोलले नाही. बोलणार तरी काय? रोज विचारतात, “नलूचं पत्र आलं का? काय म्हणते?” मी सांगते, गुडघा दुखतोय म्हणते. बघ, तुझा गुडघा माझ्याही कामाला आला.

काहीही कर. त्या पोरीच्या दारात जाऊन बस. पण हे थांबव.

शकु

*

बोरिवली
२० मार्च २०२५

प्रिय शकु,

जिंकलो! अगं, जिंकलो!

खरंच जाऊन बसले. मालाडच्या ऑफिसात सलग तीन दिवस, डबा घेऊन. तिसऱ्या दिवशी रुचिरा कंटाळून समोर येऊन बसली. मी तिला अण्णांच्या गळ्याच्या हाडाचं सांगितलं. वाईट नाही गं पोरगी, तिला माणसं माहीत नाहीत एवढंच. हेर काढून टाकला. आता सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं आहे. तुमच्या धाकट्या मिथुनला ताप चढलेला, काकूंना औषध दिसेना म्हणून अण्णांनी मेणबत्ती लावली, झुरळांनी खळ खाल्ल्यामुळे कागदाचा कोपरा सुटलेला, त्यातून उजेड बाहेर गेला. चौकीवर भाऊ इन्स्पेक्टरला सांगतात, “साहेब, पोर आजारी होतं, चुकून झालं,” आणि अण्णा सुटतात. भाऊंचं काम करणारा नट इतका साजरा आहे की मला रडूच आलं. आमच्या भाऊंनी जन्मभरात एक मोठं काम केलं ते हेच, असं मी नेहमी म्हणते.

आणखी एक. रुचिराने अण्णांना शूटिंगला बोलावलंय, आठ एप्रिलला. गाडी पाठवणार आहे. मी लगेच सम्यकला मेसेज करून टाकला. आता तरी हस की!

तुझी,
नलू

*

मुलुंड
२५ मार्च २०२५

प्रिय नलू,

तू केलंस ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. तीन दिवस डबा घेऊन बसलीस. म्हणून हे लिहिताना जीव जड झालाय, पण आता लिहिलंच पाहिजे.

मिथुनला ताप नव्हता. तो त्या रात्री पोटभर जेवून झोपला होता.

तू तारीख कधी मोजलीस का? युद्ध लागलं तीन डिसेंबरला. चौथी रात्र म्हणजे सहा डिसेंबर. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. अण्णा दरवर्षी दादरला चैत्यभूमीवर जायचे, एक वर्षही चुकवलं नव्हतं. त्या साली वर्कशॉपमध्ये जादा पाळी लागली, सुटेपर्यंत अंधार पडला. घरी आले, हातपाय धुतले आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. आई म्हणाली, आज राहू द्या, वॉर्डन फिरतायत. अण्णा म्हणाले, कागद लावलाय, दिसत नाही. कोपरा सुटलाय हे कुणाला ठाऊक?

ताप तुझ्या भाऊंनी लावला. चौकीवर, अण्णांना सोडवण्यासाठी. त्यांनी चांगल्या मनानेच केलं, त्यांचे उपकार आम्ही विसरलो नाही. तू घरी तेच ऐकलंस आणि तेच लिहिलंस. तुझा काय दोष? सहा डिसेंबर तुमच्या घरात नुसती तारीख होती.

आता माझं. पुस्तक वाचून दाखवताना त्या पानावर आले आणि माझ्याने ते वाचवेना. समोर अण्णा डोळे मिटून बसले होते. मी मनानेच वाचलं. मेणबत्ती बाबासाहेबांची केली. आणि इन्स्पेक्टर विचारतो, “चुकून लागली का?” तेव्हा अण्णा म्हणतात, “चुकून नाही साहेब, मुद्दाम लावली.” तीनदा वाचून घेतलं त्यांनी, तीनदा मी तेच वाचलं. “नलूने न्याय केला” म्हणतात तो हा न्याय.

आता ते सेटवर येऊन बघणार काय? आजारी पोर! हेर केलं असतं तर निदान खोटं आहे असं ओरडता आलं असतं. हे तर चांगलं दिसणारं खोटं आहे, त्यावर कुणी भांडतही नाही. त्यांना येऊ नका म्हणाले तर ऐकत नाहीत, सदरा इस्त्री करून ठेवलाय. मी येणार नाही. मला बघवणार नाही.

शकु

*

बोरिवली
३० मार्च २०२५

प्रिय शकु,

तुझ्या पत्राचा आधी राग आला. पुस्तक निघून सहा वर्षं झाली, एकदाही बोलली नाहीस? मग रात्रभर कूस बदलत राहिले आणि राग गेला, लाज उरली. तुमच्या खोलीतला तो फोटो रोज बघत होते, त्याच्याखाली बसून तुझ्याबरोबर गणितं केली, आणि तारीख काही मोजली नाही.

रुचिराकडे गेले. सगळं सांगितलं, तू पान बदलून वाचलंस एवढं सोडून. ती हळहळली. पण वर विचारून आली आणि म्हणाली, निर्माते नको म्हणतात. धर्म, फोटो, सहा डिसेंबर, उगीच वाद होईल, आजारी मूल सगळ्यांना पटतं. मी खूप बोलले. यावेळी काही उपयोग झाला नाही.

आठ तारखेला अण्णांना न्यायला मीच येते. त्यांना एकटं सोडणार नाही, एवढंच आता माझ्या हातात आहे.

नलू

*

बोरिवली
९ एप्रिल २०२५

प्रिय शकु,

काल अण्णांना घरी सोडताना तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, तू दारात उभी होतीस आणि ते शेजारी होते. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वाटभर ते खुशीत होते. सेटवर पोचल्यावर भिंतीवर टिचकी मारून म्हणाले, “प्लायवूड! आपल्या भिंती यापेक्षा पातळ होत्या.” सगळे हसले. मग रुचिराने त्यांना खोलीत नेलं. खिडकीला खाकी कागद, कोपरा नीट दुमडून सोडलेला. आणि खाटेवर एक लहान मुलगा, कपाळावर ओली पट्टी.

अण्णांनी विचारलं, “हे पोर कुणाचं?”

रुचिरा म्हणाली, “आजोबा, हा तुमचा मिथुन. ताप आलाय त्याला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते काही रागावले नाहीत. खाटेच्या कडेला बसले, पोराच्या कपाळावरची पट्टी काढली आणि म्हणाले, “याला काही झालेलं नाही.” मग त्यांनी सांगितलं, सगळं. मेणबत्ती, फोटो, दादर, काकूंचं राहू द्या म्हणणं. लाइटवाले हातातलं काम टाकून ऐकत होते. रुचिराच्या डोळ्यांत पाणी आलं. एकदम म्हणाली, “आजोबा, निर्मात्यांशी मी भांडते. आपण हेच करू. इन्स्पेक्टर विचारेल, चुकून लागली का, आणि तुम्ही ठणकावून सांगाल, मुद्दाम लावली! झकास होईल सीन, थिएटरात टाळ्या पडतील.”

शकु, हे तुझंच वाक्य. मी सांगितलं नव्हतं, तिला आपोआप सुचलं. मला वाटलं, सुटलो. अण्णांना हवं ते मिळालं.

आणि अण्णा म्हणाले, “नको.”

“का आजोबा?”

“मी तसं बोललो नाही. पुस्तकात तसं आहे, ते ठीक आहे. चौकीवर हिचा बाप, धोंडिराम, माझ्या कानात म्हणाला, ‘चुकान पेटली असां सांग रे.’ मी तोंड उघडलं नाही. मग साहेबाला त्यानेच पोराच्या तापाचं सांगितलं. साहेबाने मला विचारलं, खरं का? आणि मी मान हलवली.”

मग ते रुचिराला म्हणाले, “पोर तेवढं काढ, बाई. पोर आजारी नव्हतं. मेणबत्ती बाबासाहेबांची होती आणि मान माझी हलली. दोन्ही राहू दे.”

संध्याकाळी तसंच चित्रित केलं. फोटो होता, मेणबत्ती होती, आणि त्या नटाने नुसती मान हलवली. अण्णा खुर्चीत ताठ बसून बघत होते. निर्माते हे ठेवतील की कापतील, मला माहीत नाही. रुचिरा म्हणते, कापलं तर सिनेमातून माझं नाव काढा. बघू या.

तू वाचून दाखवलेल्या पानात अण्णांनी ‘चुकून’ म्हटलं नाही. मान हलवल्याचं तुला ठाऊक नसेल. मी लिहावं की नाही, सकाळपासून विचार करतेय. पण आता तुझ्यापासून आणखी काही लपवायची माझी ताकद नाही.

तुझी,
नलू

*

मुलुंड
१६ एप्रिल २०२५

प्रिय नलू,

मला ठाऊक होतं.

मी आणि आई चौकीच्या दाराशी उभ्या होतो. आत कंदील होता, त्याला निळा कागद गुंडाळलेला. साहेबाने विचारलं तेव्हा अण्णांचं तोंड रक्ताने माखलेलं होतं, तरी त्यांची मान ताठ होती. मला वाटलं, आता बोलतील. तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं, मी दिसले, आणि मान हलली. मी आईच्या मागे सरकले, म्हणजे त्यांना वाटावं की मी बघितलं नाही.

त्यानंतर त्या रात्रीबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही. म्हणून तुझं पान बदललं गं. वाटलं, या माणसाला ते एक वाक्य कुठेतरी मिळू दे, निदान पुस्तकात तरी. तुझ्या नावावर खपवलं, त्याबद्दल माफ कर.

परवा जयंतीची मिरवणूक बघून आलो. काल दुपारी जेवताना दोघंच होतो. मी म्हटलं, “अण्णा, त्या रात्री मी दारात होते.”

ते म्हणाले, “माहीत आहे. तू होतीस म्हणूनच हलली मान.”

त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाले, “आणि पुस्तकातलं ते वाक्य तुझं होतं, हेही माहीत आहे. मला काय बोलायचं होतं, ते नलूला कुठून कळणार?”

तुझी,
शकु